अँग्लो-सॅक्सन राजनामे : अर्थ, वंश आणि हक्क

बी. ए. च्या वर्गात इंग्लंडचा प्राचीन इतिहास शिकवताना एक ठिकाण असे येते, की तेथे विद्यार्थी हटकून हसतात. वेसेक्सचा राजा एग्बर्ट (८०२-८३९) याचा मुलगा एथेल्वुल्फ. एथेल्वुल्फचा थोरला मुलगा एथेल्स्टन. त्याच्यानंतरचे एथेल्बाल्ड, एथेल्बर्ट, एथेल्रेड आणि शेवटी आल्फ्रेड. या भावांची एकुलती बहीण एथेल्स्विथ. परीक्षेत यांची उलटापालट न करणारा विद्यार्थी विरळाच. "सर, त्यांना दुसरी नावे सुचतच नव्हती का?" असा प्रश्न दर वर्षी कोणी ना कोणी विचारतो. प्रश्न थट्टेने विचारलेला असतो, तथापि तो उत्तर देण्याजोगा आहे. नावे सुचत नव्हती असे मुळीच नाही. या घराण्याने ती पुरत्या विचाराने ठेवलेली होती. आपण कोणाचे वंशज आहोत आणि गादीवर कोणाचा हक्क आहे, हे ती मंडळी मुलांच्या नावांतून जगाला सांगत होती.

हे समजण्यासाठी त्या नावांची घडण आधी पाहिली पाहिजे. पाचव्या शतकापासून उत्तर जर्मनी व डेन्मार्कच्या किनाऱ्यांवरून ज्या जर्मानिक टोळ्या ब्रिटनमध्ये येऊन स्थायिक झाल्या, त्यांना आपण अँग्लो-सॅक्सन म्हणतो. त्यांच्यात आडनावे नव्हती. जे काही सांगायचे ते एका नावातच सांगावे लागे. वरिष्ठ कुळांतले नाव बहुधा दोन पदांचा समास असे. पूर्वपदे ठरलेली, उत्तरपदेही ठरलेली. त्यांतली दोन उचलून जोडायची. 'एथेल' म्हणजे कुलीन, 'एड' म्हणजे संपत्ती किंवा भाग्य, 'ऑस' म्हणजे देव, 'सिगे' म्हणजे विजय, 'वुल्फ' म्हणजे लांडगा. उत्तरपदांत 'रेड' म्हणजे मसलत, 'वर्ड' म्हणजे रक्षक, 'मंड' म्हणजे संरक्षण, 'गार' म्हणजे भाला, 'विन' म्हणजे मित्र, 'स्टन' म्हणजे दगड. काही पदे दोन्ही जागी चालत, काही एकाच जागी.

आता गंमत अशी, की आईबापांच्या नावांतले एकेक पद घेऊन मुलाचे नाव बनवता येई. याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण राजघराण्यातले नव्हे, एका बिशपचे आहे. बापाचे नाव एथेल्स्टन, आईचे वुल्फगिफू. मुलाचे नाव ठेवले वुल्फस्टन. आईचा लांडगा आणि बापाचा दगड! हा वुल्फस्टन वूस्टरचा बिशप झाला, नॉर्मन विजयानंतरही आपल्या पदावर टिकला आणि १०९५ मध्ये वारला. त्याचे नाव असे जुळवलेले आहे, याची नोंद त्याच्या चरित्रकारानेच करून ठेवली आहे.

संस्कृत शिकलेल्या विद्यार्थ्याला या पदांत काही ओळखीचे चेहरे दिसतील. 'वुल्फ' म्हणजे आपला वृक. भीमाच्या वृकोदर या नावातला. एग्बर्ट, एथेल्बर्ट यांतला 'बर्ट' मुळात 'बेऑर्ट', म्हणजे तेजस्वी, आणि त्याचे नाते 'भ्राज्' या धातूशी आहे. कथबर्ट या नावातल्या पहिल्या पदाचा अर्थ 'प्रसिद्ध', आणि तो शब्द आपल्या 'ज्ञात' या शब्दाचा सख्खा भाऊ आहे. 'सिगे' आणि वेदांतला बलवाचक 'सहस्' एकाच मुळाचे. 'रिक्' म्हणजे सत्ताधीश, आणि त्याच्या पलीकडे 'राजन्' उभा आहे. मात्र हा शब्द जर्मानिक भाषांनी केल्टिक भाषेकडून उसना घेतलेला. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या समान उगमाची कल्पना मांडली, आणि पुढे शंभर वर्षे भाषापंडितांनी असे शब्द ताडून पाहिले. यावरून सॅक्सन लोक आपल्याकडून तिकडे गेले, अशी जी अनुमाने हौशी लोक अधूनमधून काढतात, त्यांना काही आधार नाही. समान पूर्वज असणे वेगळे आणि एक दुसऱ्याचा बाप असणे वेगळे.

दुसरी एक सावधगिरी घ्यावयास हवी. पदांना अर्थ असला तरी संपूर्ण नावाला एक सुसंगत अर्थ असेलच असे नाही. वुल्फस्टनचा 'लांडगा-दगड' असा समास सोडवून काय हाती लागणार? 'विग्फ्रिथ' नावात 'युद्ध' आणि 'शांती' शेजारी शेजारी बसलेले आहेत! तेव्हा विग्रह करण्याचा सोस फार धरू नये. मात्र लोक अर्थ विसरले होते असेही नाही. वर सांगितलेल्या बिशपच्या आधी होऊन गेलेला वुल्फस्टन नावाचा यॉर्कचा आर्चबिशप आपल्या प्रवचनांवर 'लुपुस' अशी सही करी. लॅटिनमध्ये लुपुस म्हणजे लांडगा.

राजघराण्यांना नावांचा आणखी एक उपयोग होता आणि तो अनुप्रासाचा. त्यांचे काव्य आद्यवर्णाच्या अनुप्रासावर चाले. एका वंशातली नावे एकाच वर्णाने सुरू झाली, की ती ओळीत गुंफता येत आणि ऐकणाऱ्याच्या मनात वंश ठसे. वेसेक्सची सर्वांत जुनी राजावली पाहा : केर्डिक, कुन्रिक, केऑलिन, केऑल, केऑलवुल्फ, कुनेगिल्स, केन्वाल्ह, केन्ट्विन, कॅडवॉला. रोमन लिपीत हे सारे 'सी' अक्षराचे. एसेक्सच्या राजांना 'एस'ची हौस : स्लेड, सेबर्ट, सिगेबर्ट, स्विथेल्म, सिग्हेरे. (बदामीच्या चालुक्यांत याच सुमारास विक्रमादित्य, विनयादित्य, विजयादित्य आणि पुन्हा विक्रमादित्य असे ओळीने झाले, हे आपल्या भागातल्या वाचकांच्या लक्षात आले असेलच.) सॅक्सन काव्यात कोणताही स्वर कोणत्याही स्वराशी अनुप्रास साधतो, म्हणून एग्बर्ट, एथेल्वुल्फ, आल्फ्रेड, एडवर्ड ही नावे त्यांच्या कानाला एकाच माळेतली वाटत.

या वेसेक्सच्या यादीत एक पेच आहे. घराण्याचा मूळपुरुष केर्डिक. सॅक्सन इतिवृत्ताप्रमाणे तो ४९५ मध्ये जहाजांतून आला आणि ब्रिटन लोकांशी लढला. पण 'केर्डिक' हे नाव जर्मानिक नाही. ते ब्रिटन लोकांचेच, म्हणजे आजच्या वेल्श लोकांच्या पूर्वजांचे आहे. वेल्समधल्या केरेडिगिऑन प्रांताच्या नावात तेच दडलेले आहे. पुढचा राजा कॅडवॉला (६८५-६८८) याचेही नाव वेल्श कॅडवॉलॉनचे रूप. ज्या लोकांना हाकलून देऊन आपण राज्य केले अशी या घराण्याची कथा, त्यांचेच नाव मूळपुरुषाला कसे? त्या घराण्यात ब्रिटन रक्त मिसळलेले असले पाहिजे, असे अनेक इतिहासकार मानतात आणि मलाही तेच पटते. इतिवृत्त लिहिणाऱ्यांनी वंशावळ ओडिन ऊर्फ वोडन या देवापर्यंत आणि पुढे ख्रिस्ती झाल्यावर नोहाच्या नौकेत जन्मलेल्या पुत्रामार्गे थेट आदमपर्यंत नेऊन भिडवली. पण केर्डिकचे नाव बदलण्याचे त्यांच्या हातून राहून गेले.

मर्सियाच्या नवव्या शतकाच्या इतिहासात तर नावे हाच मुख्य पुरावा होऊन बसतो. कागदपत्रे तुटपुंजी. पण राजांची नावे मांडली, की तीन गट दिसतात. केन्वुल्फ आणि त्याचा भाऊ केऑलवुल्फ हा एक. बेऑर्नवुल्फ, बेऑर्टवुल्फ, बुर्ग्रेड हा दुसरा. विग्लाफ, त्याचा मुलगा विग्मंड आणि नातू विग्स्टन हा तिसरा. गादीसाठी तीन घराणी झगडत होती, असे इतिहासकार यावरून म्हणतात. ८४९ मध्ये विग्स्टनचा खून झाला. मारेकऱ्याचे नाव बेऑर्टफ्रिथ. संतचरित्रात कारण असे दिले आहे, की बेऑर्टफ्रिथला विग्स्टनच्या विधवा आईशी लग्न करायचे होते आणि नात्याचा दोष सांगून विग्स्टनने त्याला नकार दिला. ती आई होती केऑलवुल्फ राजाची मुलगी. नावांची आद्याक्षरे ध्यानात ठेवून ही हकीकत वाचली, म्हणजे प्रकरण निव्वळ लग्नाचे नव्हते हे उमगते. विग्स्टनला रेप्टन येथे पुरले, तो संत ठरला आणि तेथले तळघर आजही उभे आहे.

नॉर्थंब्रियाचे पद 'ऑस'. एथेल्फ्रिथ राजाच्या मुलांत ऑस्वाल्ड, ऑस्विऊ, ऑस्लाक, ऑस्वुडू आणि ऑस्लाफ असे पाच 'ऑस' होते. हा 'ऑस' म्हणजे ख्रिस्ती परमेश्वर नव्हे, तो जुन्या धर्मातला देव. ५९७ मध्ये ऑगस्टीन केंटमध्ये उतरल्यापासून एकेक राज्य ख्रिस्ती होत गेले. पण राजांनी मुलांना पीटर, पॉल, जॉन ही नावे ठेवली नाहीत. मूर्तिपूजक पेंडाशी लढताना ६४२ मध्ये मारला गेलेला ऑस्वाल्ड ख्रिस्ती संत झाला आणि नावात जुना देव तसाच राहिला. धर्म बदलता येत होता. नाव टाकले असते तर वंशाचा हक्कच गेला असता. कॅडवॉलाने राज्य सोडून रोमला जाऊन ६८९ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा मात्र त्याला पीटर हे नाव मिळाले. त्याला आता गादीचे कारण उरले नव्हते. तो काही दिवसांतच वारला.

पेंडा, ऑफा, इने, इडा ही आखूड नावे पाहून कोणी म्हणेल, की येथे दोन पदे कुठे आहेत? अशा आखूड नावांतली काही तरी लाडकी रूपे असावीत. एसेक्सच्या सेबर्टला त्याचे मुलगे 'साबा' म्हणत, असे बीड या इतिहासकाराने लिहिले आहे. पांडुरंगाचा पांडू होतो तसेच.

स्त्रियांच्या नावांचीही रीत हीच. फक्त उत्तरपद स्त्रीलिंगी हवे. 'गिफू' म्हणजे देणगी, 'बुर्ह' म्हणजे गढी, 'थ्रिथ' म्हणजे बळ, 'हिल्ड' आणि 'गिथ' म्हणजे लढाई. नाजुक फुलांची नावे येथे शोधू नयेत! वुल्फहिल्ड म्हणजे 'लांडगा आणि लढाई'. आज गोड वाटणारे 'एडिथ' हे मूळचे एडगिथ, म्हणजे 'भाग्य आणि युद्ध'.

आता आल्फ्रेडकडे येऊ. चार भाऊ आणि एक बहीण 'एथेल', मग धाकटाच का वेगळा? 'एल्फ' ही एक अमानवी योनी. आपल्या यक्षांच्या जवळपासची म्हणता येईल. ते कृपाही करत आणि त्यांच्या बाणाने माणसे व जनावरे आजारी पडतात असेही जुन्या वैद्यकग्रंथांत आहे. आल्फ्रेड म्हणजे 'एल्फ + मसलत'. चार मोठे भाऊ असताना हा गादीवर येईल असे कोणाला वाटले नसावे, म्हणून घराण्याचे राखीव पद त्याच्यासाठी खर्च केले नाही, असा तर्क करता येतो. तर्कच तो. राज्य शेवटी त्याच्याकडेच आले (८७१-८९९) आणि इंग्रज वंशाच्या राजांत 'थोर' ही पदवी एकट्या त्याच्या नावाला चिकटली.

आल्फ्रेडने थोरल्या मुलाचे नाव एडवर्ड ठेवले. 'एड' हे पद आले कोठून? आल्फ्रेडची बायको एआल्स्विथ मर्सियाची, आणि तिची आई एडबुर्ह ही मर्सियाच्या राजकुळातली. आजीच्या नावाचे पूर्वपद नातवाला मिळाले असणे संभवते. हा केवळ कौटुंबिक जिव्हाळा नव्हता. वेसेक्सच्या राजाला मर्सियावरही राज्य करायचे होते, आणि मर्सियाचे रक्त अंगात असलेला वारस ही त्याची तयारी होती. त्यानंतर 'एड'ची रांगच लागली. एडवर्डनंतर एथेल्स्टन (९२४-९३९) सोडला, तर एडमंड, एडरेड, एडविग, एडगर आणि दुसरा एडवर्ड हे सगळे 'एड'.

या कहाणीत मला सर्वांत हृदयस्पर्शी वाटतात ती दुसऱ्या एथेल्रेडच्या मुलांची नावे. ९७८ मध्ये त्याचा सावत्र भाऊ एडवर्ड याचा कॉर्फ येथे खून झाला आणि हा पोरवयात गादीवर बसला. पुढे जन्मभर डेन लोकांच्या स्वाऱ्या. त्याच्या पहिल्या घरातल्या मुलांची नावे अशी : एथेल्स्टन, एग्बर्ट, एडमंड, एडरेड, एडविग, एडगर. यांतला एग्बर्ट बाजूला ठेवा आणि वरची राजावली पुन्हा वाचा. ९२४ ते ९७५ पर्यंतचे राजे, त्याच क्रमाने! दुसऱ्या बायकोपासून झालेले दोघे एडवर्ड आणि आल्फ्रेड. पदे जोडून नवे नाव घडवण्याची जुनी रीत येथे संपली. आता पूर्वजांची नावे जशीच्या तशी ओळीने मांडणे सुरू झाले. राज्य हातचे जात असताना राजाने आपल्या घरात सारा वंश पुन्हा उभा केला.

याच एथेल्रेडला इंग्रजी पाठ्यपुस्तके 'अनरेडी' म्हणतात आणि विद्यार्थी 'तयारी नसलेला' असे भाषांतर करतात. मूळ शब्द 'अन्‌रेड'. एथेल्रेड म्हणजे 'उत्तम मसलत', अन्‌रेड म्हणजे 'कुमसलत'. नावावर केलेली ती कोटी आहे. तिचा उल्लेख बाराव्या शतकाच्या उत्तरार्धापूर्वी सापडत नाही, म्हणजे त्याच्या तोंडावर ती कोणी केली होती असे समजू नये. १००२ मध्ये त्याने नॉर्मंडीच्या एम्माशी लग्न केले आणि तिचे नाव एल्फगिफू ठेवले. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल आपल्याला नवी नाही. पण पहिल्या बायकोचेही नाव एल्फगिफूच होते, हे लक्षात घेतले म्हणजे एम्माविषयी थोडे वाईट वाटते.

नावांच्या तटबंदीने राज्य वाचले नाही. १०१६ मध्ये एथेल्रेड वारला, त्याच वर्षी त्याचा शूर मुलगा एडमंडही वारला आणि डेन राजा क्नूट गादीवर बसला. क्नूटचा प्रमुख सरदार गॉडविन इंग्रज होता, बायको गिथा डॅनिश. मुलांची नावे स्वेन, हॅरोल्ड, टोस्टिग, गिर्थ. नंतर मात्र लिओफ्विन आणि वुल्फ्नोथ. थोरल्यांना क्नूटच्या घराण्याची नावे आणि धाकट्यांना इंग्रज! त्या काळच्या राजकारणावर याहून बोलका लेख नाही. हेस्टिंग्जच्या रणावर १०६६ मध्ये पडलेला हॅरोल्ड 'शेवटचा सॅक्सन राजा' म्हणून आपण शिकवतो. त्याचे नाव डेन लोकांचे होते.

नॉर्मन आले आणि विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, हेन्री ही नावे घेऊन आले. तीही मूळची जर्मानिक, दोन पदांचीच. रॉबर्टमधला 'बर्ट' हा एग्बर्टमधलाच. पण ती जेत्यांची होती. दोन-तीन पिढ्यांत इंग्रज शेतकऱ्यांनीही मुलांना हीच नावे द्यायला सुरुवात केली, कारण जुने नाव आता गावंढळपणाची खूण ठरले होते. पहिल्या हेन्रीने ११०० मध्ये सॅक्सन राजवंशातल्या एडिथशी लग्न केले. राणी झाल्यावर ती मटिल्डा म्हणून ओळखली गेली. तरीही नॉर्मन सरदार राजाराणीला 'गॉड्रिक आणि गॉडगिफू' म्हणून हिणवत, असे माम्सबरीच्या विल्यमने नोंदवले आहे. एका पिढीपूर्वी प्रतिष्ठित असलेली नावे दरबारात शिवीसारखी वापरली जात होती.

वंशाची आठवण जपली ती परमुलखात. या एडिथची आई मार्गारेट स्कॉटलंडच्या तिसऱ्या माल्कमची राणी होती. तिने मुलांची नावे ठेवली : एडवर्ड, एडमंड, एथेल्रेड, एडगर. म्हणजे तिचा बाप, आजा, पणजा आणि खापरपणजा, अगदी क्रमाने. नवऱ्याच्या घराण्यातले एकही नाव नाही. इंग्लंडात मात्र 'एडवर्ड' परतायला तेरावे शतक उजाडले. एडवर्ड द कन्फेसर ११६१ मध्ये संत ठरला होता. तिसऱ्या हेन्रीची त्याच्यावर निष्ठा, म्हणून १२३९ मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव एडवर्ड आणि १२४५ मध्ये जन्मलेल्याचे एडमंड ठेवले गेले. तोच पुढे 'पहिला एडवर्ड' झाला. आधीचे तीन एडवर्ड मोजणीतून गळले ते कायमचे.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांना आपल्या सॅक्सन पूर्वजांचे प्रेम पुन्हा उफाळून आले. व्हिक्टोरिया राणीच्या १८४४ मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव आल्फ्रेड. एडगर, एडविन, ऑस्वाल्ड, विल्फ्रेड, हिल्डा, एडिथ ही नावे घराघरांत आली आणि इंग्रजी राज्याबरोबर आपल्याकडेही पोचली. मुंबई, गोवा आणि आपल्या बेळगावच्या कॅम्पातल्या ख्रिस्ती कुटुंबांत ती आजही ऐकू येतात. त्यांतले विल्फ्रेड हे राजाचे नव्हे, सातव्या शतकातल्या एका बिशपचे नाव. 'इच्छा' आणि 'शांती' ही त्याची पदे.

याच लाटेत 'एथेल' हे मुलीचे नाव म्हणून रूढ झाले. १८११ मध्ये कलकत्त्यात जन्मलेल्या थॅकरेच्या 'द न्यूकम्स' या कादंबरीची नायिका एथेल, आणि त्या कादंबरीनंतर या नावाचा प्रसार फार झाला. एथेल्वुल्फच्या घरी हे पद मुलांनाही होते आणि मुलीलाही, आणि त्याच्या पुढे बाल्ड, बर्ट, रेड किंवा स्विथ असे काहीतरी यावेच लागे.